सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांचं दुखणं कोण तपासणार? आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग,
सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, महाराष्ट्र राज्य

विषय : सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांचं दुखणं, थकवा आणि खचलेलं मन यांची जिल्हा रुग्णालयात दरवर्षी तपासणी व्हावी, याबाबत.

महोदय,

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी, ही जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर आयुष्यभर परिणाम करणारी अवस्था. ती असलेला पस्तिशीतला माणूस गुडघेदुखीची तक्रार घेऊन ओपीडीत येतो, तेव्हा केसपेपरवर पहिली ओळ पडते ती ‘नोन केस ऑफ सीपी’, म्हणजे सीपी असल्याचं आधीच माहीत असलेला पेशंट. बहुतेक वेळा पुढची तपासणी त्या ओळीपाशीच संपते. गुडघा दुखतो? सीपी आहे ना. दिवसभर गळून जायला होतं? सीपीत असं व्हायचंच. जेवण जात नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही? आता अशा आयुष्यात आणखी काय होणार! मग दहा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या, फिजिओथेरपीला शेक, आणि पुढच्या पेशंटला हाक. त्या एका ओळीच्या आड काय काय निसटून जातं, ते आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

लहान मुलांसाठी आपल्याकडे व्यवस्था उभी राहिली आहे, हे आधी मोकळेपणाने सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. पथक अंगणवाडीत आणि शाळेत जातं, मूल तपासतं, गरज असेल तर डीईआयसीला, म्हणजे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला, पाठवतं. पण हा कार्यक्रम शून्य ते अठरा वर्षांसाठी आहे. अठरावं सरलं की फाइल बंद. पुढे त्या माणसाला बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता तू मोठा झालास. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात, हे मेंदूचं आहे. मेंदूचे डॉक्टर म्हणतात, फिट येत नाही ना, मग फिजिओथेरपी करा. मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया १९७२ साली उभी राहिली. तिच्या पहिल्या तुकड्यांतली मुलं आज पन्नाशी ओलांडून गेलेली आहेत. सीपी हा फक्त मुलांचा प्रश्न म्हणून हाताळण्याची वेळ कधीच टळून गेली आहे.

मेंदूतली मूळ इजा वाढत नाही, असं वैद्यकीय शिक्षणात शिकवलं जातं आणि ते खरं आहे. पण त्याचा अर्थ नीट लावला जात नाही. इजा वाढत नसेल, तर पंचवीस वर्षं चालणारा माणूस तिशीत चालेनासा का होतो? चमच्याने जेवणाऱ्या बाईच्या हातातून चमचा का पडायला लागतो? ‘सीपी वाढली’ हे उत्तर तर देताच येत नाही, कारण सीपी वाढत नसते. म्हणजे प्रौढ वयात काहीही नवीन बिघडलं, तर त्यामागे शोधता येईल असं कारण आहे, असंच धरून चालायला हवं. आमचं सगळं म्हणणं या एका मुद्द्यावर उभं आहे.

आधी दुखण्याबद्दल. सीपी असलेल्या प्रौढांवर जगभर जे अभ्यास झाले, ते एकत्र पाहिले तर दहापैकी साधारण सात जणांना दुखणं असतं. सगळ्यात जास्त पाय आणि कंबर, मग खुबा, मान, खांदा. कुठे दुखतं यावरून कारणाचा अंदाज येतो, म्हणून तपशिलात जातो.

गुडघे वाकवून चालणारी माणसं घ्या. गुडघा सरळ होत नसल्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला उभं असताना एक क्षणही विसावा मिळत नाही. तो सतत ओढत राहतो आणि वर्षानुवर्षं ओढून ओढून गुडघ्याची वाटी वर सरकते. दुखणं वाटीच्या खालच्या टोकाशी जाणवतं, जिने चढताना आणि खुर्चीतून उठताना जास्त. एक्स-रे निघतो, त्यात सांध्यातली गॅप चांगली दिसते, म्हणून ‘काही नाही’ असा शेरा मिळतो. वाटी किती वर गेली आहे ते कळण्यासाठी बाजूने घेतलेली फिल्म लागते, शक्य असेल तर उभं करून, आणि ती बघणाऱ्याने वाटीची उंची मुद्दाम मोजावी लागते. दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे लहानपणची ऑपरेशनं. टाचेची शीर गरजेपेक्षा जास्त लांबवली गेली असेल तर पोटरी कमजोर पडते, नडगी पुढे झुकते आणि गुडघा आणखी वाकतो. अशा माणसाला गुडघ्याचा पट्टा देऊन उपयोग नसतो. नडगीला पुढून आधार देणारी, घोट्याशी न वाकणारी स्प्लिंट, मांडीमागच्या स्नायूंचं ताणणं आणि पोटरीची ताकद या बाजूने जावं लागतं. तीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशनचं कार्ड बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं असतं. ‘घेऊन या’ एवढं सांगणारं कुणी हवं.

न चालणाऱ्यांमध्ये खुब्याकडे पाहावं लागतं. बालपणी हळूहळू सरकलेला खुबा तरुणपणी घासून दुखायला लागतो. बोलता न येणारा माणूस हे सांगणार कसं? घरच्यांना मात्र खुणा दिसत असतात : आंघोळीला पाय फाकवताना अंग आखडतं, एका कुशीवर झोपवलं की रडतो, गाडी खड्ड्यातून गेली की ओरडतो. ‘हट्टी झालाय’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यात कित्येकदा खुब्याचं दुखणं असतं. खुब्याचा एक साधा एक्स-रे पुरतो.

आता मान. या पत्रातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे राहावं. ज्यांच्या अंगाला सतत वळवळ असते, मान आपोआप पिळत राहते, अशा प्रकारच्या सीपीत मानेचे मणके फार लवकर झिजतात, तिशी-चाळिशीतच. झीज वाढून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. सुरुवात बारीक असते. बटण लावायला वेळ लागतो. हाताला मुंग्या येतात. पाय पूर्वीपेक्षा कडक होतात. लघवी लागली की थांबवता येत नाही. आणि काही महिन्यांत चालणं कमी होतं. वळवळ मुळातच असल्यामुळे हा बदल बाहेरच्या माणसाच्या नजरेला येत नाही. तो त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांनाच कळतो. अशा वेळी मानेचा एमआरआय लवकर व्हायला हवा, आणि पेशंटला स्थिर पडून राहता येत नसल्याने तो भूल देऊनच करावा लागतो. इथेच गाडं अडतं. भूलतज्ज्ञांची तारीख मिळत नाही, एमआरआयवाले ‘हलणारा पेशंट नको’ म्हणतात, आणि सहा महिने निघून जातात. दाब जास्त काळ राहिला तर गेलेली ताकद ऑपरेशननंतरही पूर्ण परत येत नाही. प्रत्येक जिल्ह्यात अशा पेशंटसाठी भुलीसह एमआरआयची ठरलेली वाट असायला हवी.

दुखण्याचं आणि ताठरपणाचं एकमेकांशी नातं आहे. दुखलं की स्नायू कडक होतात, कडक झाले की आणखी दुखतं. म्हणून एखाद्याचं अंग आठवड्याभरात अचानक कडक झालं, तर औषधाचा डोस वाढवण्याआधी कारण शोधायचं. आम्ही वरून खाली जातो. दात आणि हिरड्या, कान, मग छातीतली जळजळ, पोट किती दिवस साफ नाही, लघवीला जळजळ, बसण्याच्या जागेची कातडी, खुबा, आणि शेवटी बूट-मोजे काढून पायाची नखं. बूट काढायचा कंटाळा करू नये. नखुरड्याने पिकलेला अंगठा संपूर्ण पाय आखडून टाकतो, आणि तीन महिने गोळ्या वाढवत बसलेल्या माणसाचं दुखणं अंगठ्यावर इलाज केल्यावर आठवड्यात उतरतं. न पडतासुद्धा हाड मोडलेलं असू शकतं. उभं न राहणाऱ्यांची हाडं ठिसूळ असतात, आणि फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, व्हॅल्प्रोएट यांसारखी फिटची औषधं वर्षानुवर्षं घेतली की ती आणखी विरळ होतात. उचलून ठेवताना मांडीचं हाड मोडल्याचं सूज आल्यावरच कळतं. बायकांना पाळीबद्दल विचारा. पाळीच्या आधी कित्येकींचं अंग जास्त कडक होतं, चालणं बिघडतं, आणि हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

औषधांबाबत दोन-तीन गोष्टी केसपेपर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या समोर असाव्यात. पहिली, वजन. सीपी असलेल्या प्रौढाचं वजन बऱ्याचदा ३५ किलोच्या आसपास असतं. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर त्याला ५०० ची एक गोळी होते. वय बघून हजाराचा डोस लिहिला जातो, तो जास्त आहे. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हीवर येतं. पाणी कमी पिणाऱ्यांना तर लवकर, आणि सीपीत पाणी कमी प्यायलं जातं, कारण संडास-बाथरूमला नेणारं माणूस सारखं कुठून आणायचं? दुसरी, ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन. सुरुवात ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दर काही दिवसांनी थोडं वाढवत जायचं, दिवसाला ८० च्या पुढे जायचं नाही. झोप येते, आणि काही जणांचा पाय इतका सैल पडतो की त्यांना उभं राहता येत नाही, कारण ते त्या ताठरपणाच्या जोरावरच उभे होते. अशांचा डोस कमी करावा लागतो. आणि बॅक्लोफेन एकदम बंद करायचं नाही. अचानक बंद झाल्यास फिट येतात, भास होतात, ताप चढतो. म्हणून औषधाच्या खिडकीवर ‘बॅक्लोफेन संपलंय, पुढच्या महिन्यात या’ हे वाक्य कधीही ऐकू येता कामा नये. हा साठ्याचा प्रश्न आहे आणि तो आपल्याच हातात आहे.

थकव्याकडे वळतो. सीपी असलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला इतरांच्या दुप्पट-तिप्पट शक्ती लागते. सकाळी अंथरुणातून उठून आंघोळ, कपडे, चहा एवढं होईपर्यंत त्याची निम्मी ताकद खर्ची पडलेली असते. त्यापुढे बस पकडून ऑफिस. म्हणून थकवा हा आळस नाही, हे तपासणाऱ्याने आधी स्वतःला सांगावं. पण ‘दुप्पट शक्ती लागते’ एवढ्यावर समाधान मानून गप्प बसणंही चूक, कारण त्या थकव्यात इतर कारणं मिसळलेली असतात आणि ती साध्या तपासण्यांत सापडतात. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व. मऊ-पातळ खाणाऱ्यांत आणि घराबाहेर न पडणाऱ्यांत यांतलं काही ना काही कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडे देऊन पुन्हा तपासायची असते. वर्षानुवर्षं चालू ठेवायची नसते. फिटची आणि ताठरपणाची औषधं किती वाजता घेतली जातात ते बघा. दुपारी दोनला रोज डोळे मिटत असतील तर कारण दुपारच्या गोळीत असू शकतं.

झोपेबद्दल एक प्रश्न विचारला की बरंच उलगडतं : रात्री कूस स्वतः बदलता येते, की आईला उठावं लागतं? ज्याला दुसऱ्याला उठवावं लागतं, तो शक्यतो उठवत नाही. तो दुखत असलेल्या कुशीवर पडून राहतो आणि सकाळी थकलेला उठतो. घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड असणं हेही विचारायचं.

आमच्या अनुभवात उपयोगी पडलेलं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे सात दिवसांचं टिपण. वहीच्या पानावर तासाचे रकाने आखायचे. प्रत्येक रकान्यात तीन गोष्टी : काय केलं, थकवा दहापैकी किती, दुखणं दहापैकी किती. आठवड्याने पान समोर ठेवलं की कुठे गळती आहे ते उघड दिसतं. उभ्याने आंघोळ करणाऱ्याला बाथरूममध्ये स्टूल दिलं तर सकाळचा थकवा आठावरून पाचावर येतो. ऑफिसात पूर्ण थकल्यावर विश्रांती घेणाऱ्याला वीस-पंचवीस मिनिटांच्या कामानंतर पाच मिनिटं पाठ टेकायला सांगितलं की संध्याकाळ वाचते. थकण्याच्या आधी थांबायचं, हे शिकवावं लागतं, कारण सीपी असलेल्या मुलांना लहानपणापासून उलटच शिकवलेलं असतं. ‘आणखी एक फेरी मार, हरायचं नाही.’ त्यामुळे तिशीत लांब अंतरासाठी व्हीलचेअर वापरणं त्यांना पराभवासारखं वाटतं. घरात चालायचं आणि बाजारात व्हीलचेअरने जायचं, हा शहाणपणाचा हिशेब आहे असं डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरतं.

‘थकता ना, मग व्यायाम नको’ हा सल्लाही चुकीचा. बेताचा व्यायाम थकवा कमी करतो. आठवड्यातून एक-दोन वेळा, वीस मिनिटांपासून सुरुवात, ताकदीचे व्यायाम आणि दम लागेल असं काहीतरी, पाण्यात असेल तर उत्तम. इथे आपल्या फिजिओथेरपी विभागांची पद्धत आड येते. ‘दहा दिवस रोज या, शेक घ्या.’ एसटीच्या उंच पायऱ्या चढून, बदलीच्या रिक्षाने, दोन तास प्रवास करून पंधरा मिनिटांचा शेक घेणारा माणूस घरी परत जातो तो आणखी थकून. महिन्यातून एकदा पाऊण तास द्या, घरचा कार्यक्रम लिहून द्या, सोबतच्या माणसाला करून दाखवा. दहा चकरांपेक्षा त्याचा फायदा जास्त होतो.

व्हीलचेअरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण दुखणं, थकवा आणि मनाची अवस्था या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. शिबिरात साहित्य वाटप होतं, त्यात बहुतेकांना एकाच मापाची खुर्ची मिळते : १८ इंच रुंद, रेक्झिनची झोळीसारखी बैठक. बसणाऱ्याचा कंबरेचा भाग १३ इंच. दोन्ही बाजूंना मिळून पाच इंच मोकळे. तो एका अंगाला कलतो, त्या बाजूची बरगडी हातावर टेकते, पाठीचा कणा रोज थोडा थोडा त्याच बाजूला वळत जातो. बैठक खोल असते, त्यामुळे पाठ टेकवायची तर कडा गुडघ्यामागे रुतते. मग तो पुढे घसरतो आणि शेपटीच्या हाडावर बसतो. झोळी लोंबते, गुडघे आत मिटतात, आधीच सरकू पाहणारा खुबा आणखी सरकतो. पाय फळीवर पोचत नाहीत. अशा खुर्चीत दोन तास बसल्यावर कंबर दुखते, आणि दिवसभर तोल सावरण्यातच ताकद संपते. लोक म्हणतात, खुर्ची दिली तरी वापरत नाही.

दुरुस्ती अवघड नाही. कंबरेच्या रुंदीत एक इंच मिळवला की बैठकीची रुंदी आली. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटं जागा. पायाची फळी अशा उंचीवर की मांडी पूर्ण टेकेल. झोळीवर १२ मिलिमीटर प्लायवुडची फळी, त्यावर दोन-तीन इंचांचा घट्ट फोम. कंबरेचा पट्टा पोटावर नको, मांडी आणि पोट मिळतात तिथे, तिरका खाली ओढणारा. दोन्ही कुशींना आधार. हे काम गावातला सुतार आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळून अर्ध्या दिवसात करतात. वाटपाच्या आदेशात ‘माप घेतल्याशिवाय खुर्ची देऊ नये, आणि दिल्यावर महिन्याने पुन्हा बसवून बघावं’ एवढं एक वाक्य घातलं तरी पुष्कळ फरक पडेल.

आता मन. ब्रिटनमध्ये दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सीपी असलेल्या प्रौढांना नैराश्य आणि चिंतेचा आजार होण्याचा धोका त्यांच्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त निघाला, विशेषतः ज्यांना बौद्धिक अक्षमता नाही अशांमध्ये. यात नवल वाटायला नको. रोज दुखतं, रोज थकवा येतो, शिकलेलं कामी येत नाही, भावंडांची लग्नं होतात, आणि आईचे हात थरथरायला लागलेले दिसतात. ‘माझ्यानंतर याचं कसं’ हे वाक्य आई-वडील जेव्हा त्याच्यासमोरच शेजाऱ्यांशी बोलतात, तेव्हा तो ते ऐकत असतो.

पण म्हणून नैराश्य हे सीपीचंच अंग मानून सोडून देणं म्हणजे इलाज असलेला आजार इलाजाविना ठेवणं. ओळखण्यात अडचणी आहेत, त्या समजून घ्यायला हव्यात. नैराश्यासाठी सर्रास वापरली जाणारी पीएचक्यू-९ प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, एकूण गुण २७ पर्यंत, १० किंवा जास्त आले तर पुढे तपासा. त्या नऊमध्ये थकवा, झोप, भूक, लक्ष न लागणं आणि हालचाल किंवा बोलणं मंदावणं असे प्रश्न आहेत. सीपी असलेल्या माणसाला मुळातच थकवा आहे आणि बोलणं मुळातच संथ आहे. तपासणारा एक तर सगळ्याला ‘हो’ धरून गुण फुगवतो, नाही तर ‘हे सीपीचंच’ म्हणून सगळे खोडतो. प्रत्येक प्रश्नापुढे ‘तुमच्या नेहमीपेक्षा’ हे दोन शब्द जोडा. नेहमीपेक्षा जास्त थकता का? पूर्वी ज्यात रमायचात ते आता नकोसं झालंय का? आणि रस न वाटणं, उदास वाटणं, स्वतःला नालायक समजणं, मरणाचे विचार या चार प्रश्नांच्या उत्तरांना जास्त महत्त्व द्या. चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. चेहऱ्याचे स्नायू ज्याच्या ताब्यात नाहीत, तो हसताना दिसला तरी आतून खचलेला असू शकतो.

सोबत आलेल्या आईला किंवा भावाला दहा मिनिटं बाहेर बसवा. हे सौम्यपणे पण न चुकता करायचं आहे. ज्यांच्या आधारावर आपण जगतो, त्यांच्यासमोर ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं कुणीही म्हणणार नाही. आत्महत्येबद्दल सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उच्चार कळत नसतील तर ‘हो’ आणि ‘नाही’साठी त्याची स्वतःची खूण कोणती ते आधी विचारून घ्या. वर पाहिलं तर हो, मान वळवली तर नाही, असं काहीतरी ठरलेलं असतंच. मोबाइलवर टाइप करू द्या. प्रश्न एका वेळी एकच. उत्तराला एक मिनिट लागलं तर एक मिनिट थांबा, वाक्य मधेच पुरं करू नका. न कळलेलं कळल्यासारखं दाखवू नका. त्याला ते लगेच समजतं आणि पुढचं बोलणं तिथेच बंद होतं.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अनेकांना आधार देतो. पण ज्याचं बोलणं अस्पष्ट आहे, त्याच्यासाठी फोन हा सगळ्यात अवघड मार्ग. दोनदा ‘आवाज येत नाही’ ऐकलं की तो तिसऱ्यांदा लावत नाही. अशांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समोरासमोर किंवा लिहून बोलण्याची खात्रीची सोय ठेवा.

औषधांकडेही बघावं लागतं. फिटसाठी दिलं जाणारं लेव्हेटिरासिटॅम काही जणांना चिडचिडं आणि उदास करतं. मन बिघडलं आणि औषध गेल्या काही महिन्यांत सुरू झालं, तर दोन तारखा शेजारी ठेवून पाहा आणि मेंदूच्या डॉक्टरांशी बोला. स्वतःहून बंद मात्र करायचं नाही. नैराश्यावरच्या अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांनी बद्धकोष्ठ वाढतं, लघवी अडते. बुप्रोपिऑनने फिट येण्याची शक्यता वाढते. सर्ट्रालिनसारखी औषधं डायक्लोफेनॅकबरोबर चालू असतील तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे सगळं मानसोपचारतज्ज्ञांना माहीत असतं. पण अस्थिरोग विभागाच्या, मेंदूविकार विभागाच्या आणि मानसोपचार विभागाच्या चिठ्ठ्या एका टेबलावर कधी येतच नाहीत.

म्हणून आमची पहिली मागणी हीच आहे की त्या एका टेबलावर याव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस सीपी असलेल्या प्रौढांसाठी ठेवा. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकाच मजल्यावर, शक्यतो तळमजल्यावर. दिवसाला आठ-दहा माणसं, प्रत्येकाला पाऊण तास, वर्षातून एकदा. उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये सीपी असलेल्या प्रौढांसाठी मार्गदर्शिका काढली. ज्यांच्या गरजा गुंतागुंतीच्या आहेत त्यांची दरवर्षी तपासणी व्हावी असं तिच्यात आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ तर घराजवळ आरोग्यसेवा, रुग्णालयाच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना प्रवेश आणि तपासणीत प्राधान्य देण्याबद्दलच आहे. ‘प्रत्येक भागात’ यात तपासणीचं टेबलही येतं. सुमारे दीड फुटापर्यंत खाली येणारं एक टेबल, खुर्चीसकट वजन घेणारा एक काटा, आणि व्हीलचेअर आत घेतल्यावर दार लागेल इतकं मोठं एक संडास. वजनाच्या काट्याशिवाय औषधाचा डोस कसा ठरवणार?

दुसरी मागणी डीईआयसीकडे. मूल सोळा वर्षांचं झालं की एका पानाचा गोषवारा तयार करायला लागा आणि अठराव्या वर्षी तो त्याच्या हाती द्या. किती चालतो, हाताने काय काय करतो, गिळणं कसं, बोलणं कसं आणि ‘हो-नाही’ची खूण कोणती, कोणती ऑपरेशनं कुठल्या साली, खुब्याचा शेवटचा एक्स-रे कधी, औषधं आणि वजन. तिशीत मानेचा त्रास सुरू होईल तेव्हा डॉक्टरला ‘आधी काय येत होतं’ ते या पानावरूनच कळेल. आधीची अवस्था लिहिलेली नसते, म्हणूनच नवीन बिघाड जुनाच वाटतो.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपी व बाह्यरुग्ण खर्चही बसतो. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते राहून जातं. या तपासणीच्या दिवशीच एका खिडकीवर ते करून द्यावं.

आणि केसपेपर. ‘नोन केस ऑफ सीपी’ या ओळीखाली तीन रकाने छापा : दुखतं का, कुठे, कधीपासून? थकवा नेहमीपेक्षा जास्त आहे का? गेल्या दोन आठवड्यांत मन कसं आहे, आणि हे उत्तर कुणी दिलं, पेशंटने की सोबतच्या माणसाने? शेवटचा रकाना वगळू नका.

एका पानाच्या गोषवाऱ्याचा, सात दिवसांच्या टिपणाचा आणि व्हीलचेअरच्या मापांचा नमुना आम्ही मराठीत तयार करून द्यायला तयार आहोत. ज्या जिल्ह्यापासून सुरुवात कराल, तिथल्या कर्मचाऱ्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षणही विनामोबदला देऊ. पहिला दिवस कधी ठेवायचा, तेवढं कळवावं.

आपले,
सेरेब्रल पाल्सी असलेले प्रौढ आणि त्यांच्याबरोबर काम करणारे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट व समुपदेशक